नवी मांजर घरी आणताना

ताई, मोठी मांजर दत्तक घेताय, फार चांगलं करताय. पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवा. पाणी, खाणं, शी-शूसाठी माती भरलेलं टोपलं तिथंच. कोठीमागं दडली तर ओढून काढू नका, बहुतेक जण इथंच चुकतात. लगेच अंगणात सोडली तर ती जुन्या घराची वाट शोधत निघते. दोन-तीन आठवडे दार सांभाळा.

नाव बिनधास्त बदला. छोटंसं ठेवा आणि वाटी ठेवताना जुनं-नवं जोडून हाक मारा: ‘राणी-चिंगी’. कान टवकारू लागली की जुनं गाळा. नव्या नावानं रागवायचं मात्र कधीच नाही.

- निव्वळ दुधावर ठेवू नका, पोट बिघडतं.
- उंदराचं औषध, कपाशीच्या फवारणीचे डबे कुलपात.

रेबीजच्या लसीचं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. नसबंदीचं ती रुळल्यावर बोलू.