दुश्मनांची सोयरीक

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचली. तुझा काळा देव, तमदेव, झकास जमलाय. पण दोन पिढ्या एकमेकांची गावं जाळणारी राज्यं त्याच्याविरुद्ध एका दरबारात, एका भाषणावर एक होतात, ते काही पटलं नाही. पहिल्या खर्ड्यात मीही हेच केलं होतं. बहिणीने वाचून एवढंच विचारलं, "आणि परवा मेले त्यांचं काय?"

भाषण काढ, सौदा घाल. आपल्याच मुलखातलं बघ. सोलापूरच्या किल्ल्यावरून अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही कित्येक वर्षं भांडत होती. विजयनगरविरुद्ध हात मिळवायची वेळ आली तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, आणि आंदण म्हणून तोच किल्ला! १५६५ची तालिकोटची लढाई त्यानंतरची. (विजयनगरचा रामराय काही काळा देव नव्हता, अली आदिलशहा तर आधी त्याचाच दोस्त. आपण फक्त युतीची वीण बघायची.) जिंकल्यावर जुनी भांडणं पुन्हा वर आली, तेही लक्षात ठेव.

मग छावणीत उतर. विहीर एक, सैन्यं दोन. आधी पाणी कोण भरणार? तुझ्या सेनापतीच्या कमरेची तलवार शेजारी बसलेल्याच्या मेलेल्या भावाची असेल तर? तो मूठ ओळखतो, काही बोलत नाही, भाकरी मोडत राहतो. हे एक पान आधी लिहून पाठव.

आणि हो, तुझ्या राज्यांचा नकाशा सगळ्यात शेवटी काढ. त्यात माझे सहा महिने गेले.