आधी चित्र बघ, मग त्या जागेवर जा

कोल्हापूर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा आजऱ्याहून तुझ्या बाबांचा फोन आला होता. नोकरी चांगली चाललीय म्हणाले, पण रविवार आला की पोरगी खोलीत पडून असते, म्हणाले. तुला फोनच करणार होतो. पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणशील आणि विषय तिथंच संपेल, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

मागे दुकानात आलीस तेव्हा बोलता बोलता एक गोष्ट सांगून गेलीस. दसरा चौकातनं चालली होतीस, शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शनाचा फलक दिसला, दारापर्यंत गेलीस आणि परत फिरलीस. "मला त्यातलं काय कळतंय, काका?" असं म्हणालीस. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक होतं, नीट उत्तर द्यायचं राहून गेलं. ते आज देतो.

मलाही कळत नव्हतं. फ्रेमच्या धंद्यात पहिली कितीतरी वर्षं मी चित्रं फक्त मोजली. लांबी, रुंदी, पट्टी कुठली, काच साधी की जाड, माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, किती इंचाचा. रोज दहा चित्रं हातातून जायची आणि एकही डोळ्यात राहायचं नाही. एकदा एक वयस्कर चित्रकार पंचगंगा घाटाचं जलरंगातलं चित्र घेऊन आले. मी माउंट कापला, फ्रेम बांधली, दिली. त्यांनी हातात धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शेवटची पायरी गेली की रे." मी माप दाखवलं. चारी बाजूंनी पाव पाव इंच कागद माउंटखाली जातोच, सगळ्यांचाच जातो. ते रागावले नाहीत. "उद्या सकाळी सहाला घाटावर ये," एवढंच म्हणाले.

गेलो. नदीकडं तोंड करून आम्ही बसलो. त्यांनी बोट दाखवलं तिथं घाटाची खालची पायरी अर्धी पाण्यात होती. वरचा दगड कोरडा, राखाडी. पाणी लागतं तिथं तोच दगड काळा पडलेला, आणि दोन्हींच्या मधे एक ओली रेघ, पाणी हललं की वरखाली होणारी. त्यांनी चित्रात तीच रेघ काढली होती आणि मी ती पाव इंचात झाकून टाकली होती. दुकानात परत येऊन माउंट नव्यानं कापला. त्या दिवसापासून मी चित्र बघायला लागलो. घाटही तेव्हापासूनच बघायला लागलो, त्याआधी मी तिथनं नुसता जात होतो.

तुला सांगायचंय ते एवढंच आहे. चित्र बघ, मग त्या जागेवर जा. जागा बघून झाली की जमल्यास परत चित्राकडं ये. बाकीच्या गावांत हे अवघड असेल, कोल्हापुरात सोपं आहे. इथल्या चित्रकारांनी पिढ्यानपिढ्या घाट, रंकाळा, देवळं, पेठांतल्या गल्ल्या जागेवर बसून रंगवल्यात, आणि त्या सगळ्या जागा पायी जाण्यासारख्या आहेत. कलापूर हे नाव काय उगीच पडलेलं नाही.

आता प्रदर्शनात शिरायचं कसं, ते ऐक. चित्रप्रदर्शनाला बहुधा तिकीट नसतं, कुणी अडवत नाही, कुणी परीक्षा घेत नाही. उद्घाटनाला मात्र जाऊ नकोस. त्या दिवशी भाषणं असतात, हार असतात, चहा असतो आणि चित्रांकडं सगळ्यांची पाठ असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारच्या शांत वेळेला जा. आधी थांबू नकोस, सरळ एक फेरी मार, भाजी घेण्याआधी सगळी मंडई फिरतो तशी. पन्नास चित्रं असतील तर त्यातली एक-दोनच तुला थांबवतील. तेवढी बस झाली. उरलेली बघितली नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

थांबवलं त्या चित्रासमोर पाच मिनिटं उभी राहा. पाच मिनिटं फार मोठी असतात, घड्याळ लावून बघ. आधी लांबून, मग जवळून. जलरंग असेल तर पांढरा रंग कुठं आहे ते शोध. ऊन पडलेली भिंत, धोतर, पाण्यावरची चमक, हे बहुधा रंगवलेलं नसतंच, तिथं कागद कोरा सोडलेला असतो. माणसानं काय काढलं याच्याइतकंच कुठं हात आवरला, हे दिसायला लागलं की फार आनंद होतो बघ. तैलरंग असेल तर समोरून बघून झाल्यावर जरा तिरकी उभी राहून बघ. रंगाचे उंचवटे दिसतील, ब्रश कुठल्या बाजूनं ओढलाय ते दिसेल. आणि कडा बघायला विसरू नकोस. चित्रकारानं चित्र कुठं संपवलंय, होडी अर्धीच का ठेवलीय, माणूस कडेला का उभा केलाय. हे मी फ्रेमवाला म्हणून सांगतो, सगळी गंमत कडेला असते.

चित्रकार तिथंच खुर्चीवर बसलेला असतो. "किती दिवस लागले?" आणि "केवढ्याला?" हे प्रश्न त्याला दिवसभर ऐकावे लागतात. तू विचार, "हे कुठं बसून काढलंत?" चेहराच बदलतो माणसाचा. मग तो तुला जागा सांगेल, वेळ सांगेल, त्या दिवशी ऊन कसं होतं ते सांगेल. तेवढं लिहून घे. तुझा पुढचा रविवार ठरला. फोटो काढायचा असेल तर आधी विचार. आणि अभिप्रायाच्या वहीत नुसतं "सुंदर" लिहू नकोस, तुला काय दिसलं ते एका ओळीत लिही. बारा नंबरच्या चित्रातली वाळत घातलेली घोंगडी आवडली, असं. त्या एका ओळीवर चित्रकाराचे चार दिवस चांगले जातात.

पहिली भटकंती तुझ्या खोलीपासूनच सुरू कर. तू राजारामपुरीत राहतेस आणि सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कला संग्रहालय आहे हे तुला माहीत नसेल. सिनेमातले चंद्रकांत, तेच. त्यांनी आपलं राहतं घर आणि आपली चित्रं सरकारला देऊन टाकली. रंगांची कोरडी भुकटी घासून काढलेली निसर्गचित्रं तिथं आहेत. भुकटीनं आभाळ कसं उतरतं ते जवळ जाऊन बघ. घरातच असल्यानं तिथं दडपण वाटत नाही, पाहुण्यांकडं गेल्यासारखं वाटतं. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घे.

दुसरा रविवार टाउन हॉल म्युझियमसाठी ठेव, सीपीआर दवाखान्यासमोर. घाई करू नकोस. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत, 1945-46 मध्ये तिथं उत्खनन झालं होतं. त्यातली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती शोध. वीतभरसुद्धा नाही, पण दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून ती आपल्या पंचगंगेकाठी आली. एवढ्याशा अंगावर स्नायू कसे घडवलेत बघ. मूर्ती बघून झाली की तडक ब्रह्मपुरीकडं चालत जा आणि पुढं घाटावर बस. काचेतली वस्तू आणि ती जिथं मातीत पडून होती ती जागा एकाच दुपारी बघता येणं, ही केवढी श्रीमंती आहे.

त्याच म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. त्यांच्याविषयी मला नेहमी जास्त बोलायला होतं, ते तू सहन कर. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून हा माणूस कोल्हापूरला परत आला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. पण दरबारापेक्षा त्यांचं मन रमलं ते कोटितीर्थ आणि रंकाळा या तळ्यांच्या काठावर. तेच पाणी, तीच झाडं, वेगवेगळ्या वेळी परत परत. 1922 मध्ये महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालनी आपली असंख्य चित्रं कोटितीर्थात बुडवली असं जुने लोक सांगतात. 1931 मध्ये ते गेले. कोटितीर्थापाशी उभं राहिलं की मला अजून गलबलून येतं. त्या पाण्यात काय काय असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

त्यांची चित्रं बघितलीस की संध्याकाळी रंकाळ्यावर जा. चौपाटीवर भेळ खा, गर्दी बघ, त्यात काही कमीपणा नाही. पण नंतर पाण्यातला दगडी संध्यामठ दिसेल अशा बाजूला जाऊन थोडा वेळ बस. पावसाळ्यात पाणी चढलं की मठाचा खालचा भाग बुडतो आणि दगडी छत तरंगल्यासारखं दिसतं, उन्हाळ्यात तोच मठ खालपर्यंत उघडा पडतो. एकदा जुलैत आणि एकदा मे महिन्यात बघ. आबालाल एकाच जागी पुन्हा पुन्हा का जायचे ते मग तुझं तुलाच कळेल.

पेठांतून चालायची सवय लाव. गाडीवरून कोल्हापूर दिसत नाही. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे अर्धपुतळे आहेत. 1950 मध्ये ते बसवले तेव्हा बाबासाहेब हयात होते. ते बसवण्यात पुढाकार घेतलेले माधवराव बागल स्वतः चित्रकार होते. शिवाजी चौकातला महाराजांचा पुतळा बाबूराव पेंटरांच्या हातचा. सुतार घराण्यातला माणूस, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादाला लागला, कॅमेरा इथंच तयार केला आणि 1920 मध्ये "सैरंध्री" पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो त्याचीच आठवण. खासबागेकडं गेलीस तर केशवराव भोसले नाट्यगृहापाशीही थांब. 1915 चं ते थिएटर 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं. त्या रात्री आख्खं गाव रस्त्यावर आलं होतं. एखाद्या इमारतीसाठी माणसं रडतात, हे मी त्या रात्री बघितलं.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जा. डोळ्यांची आखणी करणारा माणूस शोध आणि लांब उभी राहा, बोलू नकोस. सगळी मूर्ती रंगून तयार असते, पण नजर आलेली नसते. तो श्वास रोखून रेघ ओढतो. एका क्षणात मूर्ती आपल्याकडं बघायला लागते. याला कुठल्या दालनाची गरज नाही.

एक पैशाची गोष्ट सांगतो. पगारातून महिन्याला थोडे बाजूला टाक आणि वर्षातून एक छोटं चित्र विकत घे. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या चित्रकला शिकवणाऱ्या संस्थांतल्या मुलांची वार्षिक प्रदर्शनं असतात, तिथं बघ. चित्र घेतलंस की आधी माझ्याकडं आण. नुसती काच दाबून फ्रेम करू नकोस. कोल्हापूरच्या पावसात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो. मधे माउंट पाहिजेच. आणि उन्हाची तिरीप येते त्या भिंतीवर जलरंगाचं चित्र लावायचं नाही, रंग उडतो.

एकटीला जायला सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटेल, म्हणून पहिल्यांदा मी येतो. या रविवारी साडेतीनला दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यापाशी थांब. स्मारक भवनात निसर्गचित्रं लागलीत, फ्रेमा माझ्याच दुकानातल्या आहेत. आत गेल्यावर मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसेन, तू तुझी फेरी मार. मधे येऊन मला काही विचारायचं नाही. बाहेर आल्यावर कुठलं चित्र थांबवलं ते सांग, मग ती जागा जिथं असेल तिथं जाऊ. येताना गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊ. चालायच्या चपला घालून ये.

बाबांना मी फोन करून सांगतो.

तुझा,
काका