कार्ड दिलं तर तो बोलायचाच नाही का?

"चित्रांची कार्डं हातात दिलीसा, तर पोरगं तोंड उघडायचंच विसरंल की ओ मॅडम."

शौर्यच्या आजी हे बोलल्या तेव्हा आई गप्प होती, पण भीती तिचीही तीच होती. न बोलणाऱ्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत मी वर्तनोपचाराचं काम करते. चित्राचं कार्ड देऊन मागायला शिकवलं तर मूल बोलायचं राहील का, हा प्रश्न त्यांच्या घरून मला सतत येतो. म्हणून शौर्यच्या आईच्या परवानगीने ही गोष्ट लिहिते आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

शौर्य साडेचार वर्षांचा. वडील कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. मुलाला एकही शब्द येत नव्हता, पण आई-वडील आले होते वेगळ्याच कारणासाठी. तो रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर डोकं आपटायचा. कपाळावरचं टेंगूळ उतरायच्या आत दुसरं यायचं. पाहुणे म्हणायचे, हट्टी आहे, एक ठेवून द्या. एकदा आईने ठेवूनही दिली होती. ते सांगताना तिने मान वर केली नाही.

आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. न बोलणारं मूल डोकं आपटतं तेव्हा कान ठणकतोय का, दाढ किडली आहे का, पोट साफ होतंय का, फिट येते का, हे पहिल्यांदा बघायचं असतं. वर्तनाचं काम त्यानंतर. तपासणीत काही निघालं नाही, तेव्हा आईला एक वही दिली. तीन रकाने : आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. 'चिडला', 'मुद्दाम केलं' असं लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं तेवढंच.

नवव्या दिवशी ती वही घेऊन आली आणि मी पान उलटायच्या आत म्हणाली, "मॅडम, तो गूळ मागतोय."

खरंच होतं. जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळच्या चहाच्या. गुळाचा डबा फळीवरून खाली यायचा, परत वर जायचा. शौर्य ओट्यापाशी घुटमळायचा आणि मग भिंत गाठायचा. घरचे घाबरून बिस्कीट द्यायचे, मोबाईल द्यायचे, शेवटी गुळाचा खडा. खडा मिळाला की डोकं आपटणं थांबायचं. त्याच्याकडे मागायची तेवढी एकच रीत होती, आणि ती रोज लागू पडत होती.

1985 साली एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवून दिलं होतं : मूल त्या वागण्यातून जे मिळवतं, तेच मिळवायची दुसरी सोपी रीत त्याला शिकवली, की त्रासदायक वागणं कमी होतं. योगायोगाने चित्र देऊन वस्तू मागायची 'पेक्स' ही पद्धतही अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी त्याच वर्षी विकसित केली.

आता आजींची भीती. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी यावरचे जुने अभ्यास एकत्र तपासले. त्यांतले जे सर्वांत भक्कम होते, त्यांत विकासात्मक अडचणी असलेल्या 27 जणांच्या नोंदी होत्या. चित्रं, खुणा किंवा उपकरण वापरल्यामुळे त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं, काहींचं होतं तसंच राहिलं. म्हणून मी कोणालाही 'बोलेलच' असा शब्द देत नाही. आजींनाही दिला नाही. एवढंच विचारलं, "तो बोलेपर्यंत त्यानं भिंतीवर डोकं आपटत मागायचं का?" आजी म्हणाल्या, "बघू करून."

सुरुवातीला चूक माझीच झाली. मी गुळाच्या ढेपेचं छापील चित्र दिलं. त्याने ढेप कधी पाहिलीच नव्हती; त्याच्या लेखी गूळ म्हणजे तो पितळी डबा. डब्याचा फोटो काढला आणि काम सुरू झालं. आई समोर खडा घेऊन, आजी त्याच्या मागे. "काय पाहिजे?" विचारायचं नाही, "दे" म्हणायचं नाही. त्याचा हात खड्याकडे गेला, की आजींनी तो हात हलकेच कार्डाकडे न्यायचा, कार्ड आईच्या तळहातावर. आईने "गूळ!" म्हणत लगेच खडा द्यायचा. खडे हरभऱ्याएवढे, कारण पहिल्या दिवसांत प्रत्येक वेळी द्यावेच लागतात.

चौथ्या दिवशी आईचा रडत फोन आला : आपटणं वाढलंय. हे होऊ शकतं, आणि मी आधी सांगून ठेवलं होतं; तरी सांगणं वेगळं, आपल्या लेकराचं कपाळ बघणं वेगळं. जुन्या रीतीने मिळेना झालं, की मूल तीच रीत आणखी जोराने करून बघतं. त्या वेळी मध्ये उशी धरायची, गूळ द्यायचा नाही, आणि क्षणभर शांत झाला की लगेच कार्ड. दुर्लक्ष करून त्याला एकटं मात्र सोडायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो बाहेरच्या खोलीतून कार्ड घेऊन ओट्यापाशी आला. मागे कोणी नव्हतं.

माझ्या मते सगळ्यांत मोलाचं कार्ड 'नको'चं. आमच्या क्षेत्राचा इतिहास इथे नजरेआड करता येत नाही. स्वमग्न मुलांवर वर्तनोपचार करणारे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987च्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला 40 तासांहून जास्त थेरपी होती, आणि मुलांना जोरात "नाही" म्हणणं, मांडीवर चापट मारणं हेही होतं. मूल नकार देऊ शकत नसेल, तर ते शिकतंय की नुसतं वाकतंय, हे मला कसं कळणार? शौर्य खुशीत हात फडफडवतो. ते मी थांबवत नाही. त्याने कोणाला इजा होत नाही.

'नको' त्याने पहिल्यांदा वापरलं ते आजींवरच. डोक्याला तेल लावायला त्या बसल्या, तर त्याने कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं. आजींनी वाटी बाजूला ठेवली.

आज त्याच्याकडे अकरा कार्डं आहेत. कार्ड देताना कधी कधी "गू" असा आवाज निघतो, कधी नाही. आता आम्ही 'दुखतंय'वर काम करतोय. गूळ समोर दाखवता येतो, दुखणं दाखवता येत नाही. म्हणून गुडघा खरचटला, की त्याच क्षणी आई ते कार्ड काढते. अजून त्याला ते जमलेलं नाही.