समाजमाध्यम, प्रसारमाध्यम आणि तालमीचा ग्रुप

प्रश्न : समाजशास्त्राच्या अभ्यासात ‘मास मीडिया’साठी प्रसारमाध्यमे, समूहमाध्यमे, बहुजनमाध्यमे, जनसंपर्क माध्यमे असे शब्द आलटून पालटून भेटतात. नेमका कुठला घ्यायचा? आणि कोल्हापुरातल्या आमच्या पेठेच्या तालमीचा व्हॉट्सॲप ग्रुप हे प्रसारमाध्यम की समाजमाध्यम?

उत्तर : परीक्षेपुरतं सांगायचं तर मास मीडिया म्हणजे प्रसारमाध्यमे आणि सोशल मीडिया म्हणजे समाजमाध्यमे. तालमीचा ग्रुप समाजमाध्यमावर चालतो, पण ते प्रसारमाध्यम नव्हे. असं का, ते कळायला आधी ‘मास’चा घोळ सोडवावा लागतो.

हर्बर्ट ब्लूमर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९३९ मध्ये जमाव, मास आणि पब्लिक यांत फरक केला. जमाव एका जागी असतो आणि एकाची उसळी दुसऱ्याला लागते. खासबागेत पैलवान चितपट झाला की जो गलका उठतो, तो जमावाचा. पब्लिक एखाद्या प्रश्नावर आपसांत वाद घालतं. कोल्हापूरची हद्दवाढ व्हावी की नको, यावर वर्षानुवर्षं भांडणारे दोन्हीकडचे लोक मिळून पब्लिक होतात. मास यांपैकी कशातच बसत नाही. एकच बातमी सकाळी गडहिंग्लजची शिक्षिका वाचते, गांधीनगरचा कापडव्यापारी वाचतो आणि कागलचा कामगारही वाचतो. तिघांची ओळख नाही, बोलणं नाही, दुसरा वाचतोय याचा पत्ताही नाही. विखुरलेले, अनोळखी, परस्परांशी न बोलणारे, असे लोक म्हणजे मास.

आता तुमचे शब्द या कसोटीला लावून बघा. ‘समूह’ शब्द समाजशास्त्रात ‘ग्रुप’साठी वापरतात, आणि समूहातले लोक एकमेकांशी संबंध ठेवून असतात. म्हणजे ‘समूहमाध्यम’ नेमका उलटा अर्थ देतं. ‘बहुजन’चा मूळ अर्थ पुष्कळ लोक. आकाशवाणीच्या ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ या ब्रीदात तोच आहे. पण सत्यशोधक चळवळ आणि शाहू महाराजांच्या या गावात बहुजन म्हटलं की एक ठरावीक सामाजिक अर्थ आधी उभा राहतो. इथं ‘बहुजनमाध्यम’ म्हणाल तर ऐकणारा ‘मूकनायक’सारखी पत्रं आठवेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. ‘जनसंपर्क’ शब्द तर पब्लिक रिलेशन्सनं केव्हाच अडवलाय. ‘प्रसार’ची सोय अशी, की तो लोकांना नाव देतच नाही. एकीकडून अनेकांकडे पसरवण्याची क्रिया तेवढी सांगतो.

ग्रुपचं मात्र वेगळं आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये सध्या १०२४ जण मावतात. तालमीच्या ग्रुपात त्याहून पुष्कळच कमी असतील आणि बहुतेक तोंडओळखीचे. टाकणाऱ्याला वाचणारे माहीत असतात आणि वाचणारा त्याच जागी लगेच उलट बोलू शकतो. मधे गाळणारा कोणी नसतो. ॲडमिन असतो, पण तो मजकूर पडून गेल्यावर धावतो. बातमीचं तसं नाही. ती वार्ताहराकडून डेस्कवर जाते, तिथं कापली जाते किंवा राहून जाते. म्हणून वार्ताहर विचारतो, ‘माझी बातमी लागली का?’ डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी १९५० मध्ये असाच एक बातम्या निवडणारा संपादक अभ्यासला आणि त्याला ‘गेटकीपर’ म्हटलं. मराठीत ‘द्वारपाल’ करतात. मला तो देवळाच्या दारातून उचलून आणल्यासारखा वाटतो. ‘गेटकीपर’च ठेवा.

आपल्या बोलण्यात हा फरक आधीच आहे. पेपरात जाहिरात ‘देतात’, बातमी ‘येते’. ग्रुपवर मात्र मेसेज ‘टाकतात’ नि तो ‘पडतो’. ‘येते’ म्हणताना मधे कोणाचा तरी होकार आहे, हे आपण धरून चालतो.

खरी पंचाईत फॉरवर्डची. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पावसाळ्यात संध्याकाळी ग्रुपवर पडतं, ‘आत्ता ४१ फूट, वाढतंय, शिरोलीकडं जाऊ नका.’ ग्रुपात हे पुरेसं आहे, कारण ‘आत्ता’ म्हणजे कधी हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोच मजकूर उद्या दुपारी पुण्यातल्या भावकीच्या ग्रुपात पोचतो तेव्हाही ‘आत्ता’च असतो. पाणी एव्हाना उतरलेलंही असेल. पेपर बातमीच्या डोक्यावर ‘कोल्हापूर, ता. अमुक’ छापतो, कारण वाचणारा कुठला, कधी वाचणार, हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं. फॉरवर्ड झालेला मजकूर अनोळखी विखुरलेल्यांपर्यंत प्रसारमाध्यमासारखा जातो, पण त्याची भाषा मात्र कट्ट्यावरचीच राहते. २०१९ च्या पुराचे फोटो पुढच्या कुठल्याही पावसाळ्यात खपतात, तेही यामुळेच. व्हॉट्सॲपनं एका वेळी पाच ठिकाणी, आणि एप्रिल २०२० पासून पुष्कळदा फिरलेला, म्हणजे दुहेरी बाणाचा मेसेज एकाच ठिकाणी, अशी मर्यादा घातली. त्यानं वेग कमी होतो. हरवलेली तारीख परत येत नाही. तेव्हा ग्रुपवर टाकताना ‘आत्ता’ऐवजी तारीख, वेळ आणि ‘राजाराम बंधारा’ लिहावं.

मग ग्रुपला समाजशास्त्रात जागा कुठं? पॉल लाझर्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९४० च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या एरी काउंटीत मतदारांचा अभ्यास केला. तो १९४४ मध्ये छापला. त्यांना दिसलं, की माध्यमांतला मजकूर आधी काही जाणत्यांकडे जातो आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांकडे. या जाणत्यांना ‘मतनेते’ म्हणतात. तालमीत पेपर वाचून चार जणांना अर्थ सांगणारा ज्येष्ठ हा मतनेता. ग्रुप ही त्याची नवी बैठक. माध्यमाकडून मतनेत्याकडे आणि तिथून इतरांकडे, या दोन टप्प्यांच्या वाटेला ‘द्विस्तरीय प्रवाह’ म्हणतात. उत्तरपत्रिकेत तालमीच्या ग्रुपची चर्चा याच मथळ्याखाली करा.

लिहिताना ‘समाजमाध्यम’ जोडून लिहा, तो समास आहे. ‘सामाजिक माध्यम’ टाळलेलं बरं. ‘सामाजिक’ म्हटलं की सामाजिक कार्य, सामाजिक चित्रपट असा समाजहिताचा वास येतो, आणि या माध्यमांबद्दल तेवढी खात्री कोणी देऊ नये. ‘मीडिया’ इंग्रजीत अनेकवचन असला तरी मराठीत ‘मीडिया आला’ असं पुल्लिंगी एकवचन रुळलंय. ते चालू द्या. ‘मीडियाज’ मात्र नको.