ती वही काउंटरवरून उचलू नका

ताई, शिकागोच्या एका उपनगरात आम्ही नवरा-बायको तीन वर्षांपासून पिनबॉलचं आर्केड चालवतो. सोळा मशीन्स आहेत, एका खेळाला एक डॉलर. पहिलं वर्ष बरं गेलं. आता सोमवार ते गुरुवार शुकशुकाट असतो. शनिवारी वाढदिवसाच्या पार्ट्या येतात, पण ती मुलं पुन्हा फिरकत नाहीत. फेसबुकवर जाहिराती केल्या, पत्रकं वाटली, पॉपकॉर्न फुकट ठेवले. आता घरावर कर्ज काढून दहा हजार डॉलरचं नवं कोरं मशीन आणायचा विचार आहे, लोक ते बघायला तरी येतील. बायकोचा विरोध आहे. तिचा हात फार सैल आहे. काउंटरवर कोणी कुरकुर केली की लगेच डॉलर परत. महिन्याला चाळीसेक डॉलर असे जातात, आणि वर किराणा दुकानातल्या उधारीसारखं एका वहीत लिहून ठेवते. 'मिडिव्हल, उजवा दमतो, रवि. 6 नंतर', 'टिंब कसलं?' असलं काहीतरी. मी सांगितलंय, हे बंद कर. ताई, गिऱ्हाईक कसं खेचू? आणि हिला कसं समजावू?
– एक थकलेला दुकानदार

भाऊ,

बायकोची तक्रार म्हणून तुम्ही वहीतली जी एक ओळ उतरवलीत, तीच मी पुन्हा पुन्हा वाचली. 'मिडिव्हल, उजवा दमतो, रवि. 6 नंतर.' कुठलं मशीन, कुठला फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की बॉल वर मारणारी पट्टी, कुठला वार, किती वाजल्यापासून, सगळं त्या एका ओळीत आहे. आणि तुम्ही तिला म्हणालात, बंद कर. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

'दमतो' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. फ्लिपरखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते, तिच्या पोटात नायलॉनची नळी, तिला स्लीव्ह म्हणतात, आणि त्या नळीतून लोखंडी प्लंजर मागे-पुढे धावतो. सतत खेळ चालला की कॉइल तापते, तापली की तारेचा रोध वाढतो, करंट घटतो आणि प्लंजरची ओढ मंदावते. धडधाकट फ्लिपरला एवढ्याने काही होत नाही, त्याच्यात ताकद शिल्लक असते. पण वर्षानुवर्षं स्टॉपवर, म्हणजे त्याला अडवणाऱ्या तुकड्यावर, आपटून प्लंजरचं टोक अळंबीसारखं पसरलं असेल, स्लीव्हला आतून ओरखडे पडून काळी भुकटी धरली असेल, तर ती शिल्लक घासण्यातच संपते. सकाळी दुकान उघडून तुम्ही एक बॉल खेळता तेव्हा कॉइल गार असते, सगळं ठीक वाटतं. रविवारी दुपारभर मुलं खेळली, की सहानंतर बॉल डाव्या रॅम्पवर, म्हणजे चढणीवर, पाऊण अंतर चढतो, क्षणभर थांबतो आणि तसाच मागे येऊन दोन्ही फ्लिपरच्या मधून खाली जातो. हा दोष तुम्हाला दिसला नाही, कारण तो संध्याकाळी काउंटरवर बसणाऱ्यालाच दिसतो.

गिऱ्हाइकाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. वाढदिवसाला आलेला दहा वर्षांचा मुलगा अचूक वेळेला बटण दाबतो, बॉल नीट रॅम्पच्या तोंडात जातो आणि तरी परत येतो. दोनदा, तीनदा. मग तो बाहेर जाऊन पॉपकॉर्न खातो आणि पुन्हा कधी येत नाही. तो तक्रार करत नाही, भाऊ. डॉलर परत मागणारे ते चाळीस जण तुमचे सर्वांत सच्चे खेळाडू आहेत. त्यांना खेळायचं आहे, म्हणून ते बोलतात. बाकीचे मुकाट्याने निघून जातात.

पिनबॉलमध्ये माणूस पैसे कशाचे देतो? बॉल माझ्या मनाप्रमाणे गेला, याचे. 1947 मध्ये तुमच्याच शिकागोतल्या गॉटलीब कंपनीने 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर फ्लिपर बसवले. तोवर बॉल सोडायचा, मशीनला धक्के द्यायचे आणि नशिबाकडे बघत राहायचं, एवढंच हातात होतं. म्हणून तर न्यूयॉर्कने 1942 पासून पिनबॉलवर जुगार म्हणून बंदी घातली होती. 1976 मध्ये रॉजर शार्प यांनी तिथल्या नगर परिषदेच्या लोकांसमोर खेळून दाखवलं, बॉल मधल्या वाटेने जाईल असं आधी सांगितलं, बॉल सोडायचा दांडा ओढला आणि बॉल तिथूनच गेला. बंदी उठली. दमलेला फ्लिपर तुमच्या गिऱ्हाइकाला थेट 1947 च्या मागे नेऊन सोडतो. डॉलर घेतला आणि हातात नशीब दिलं.

आणि हे तुम्ही कुठे करता आहात? शिकागोजवळ. गॉटलीब, बॅली, विल्यम्स, सगळ्या इथल्याच कंपन्या. पिनबॉल बनवणाऱ्या स्टर्न कंपनीचा कारखाना आजही एल्क ग्रोव्ह व्हिलेजला आहे. या भागात ज्यांनी ही मशीन्स बनवली किंवा जन्मभर खेळली, अशी माणसं आजूबाजूला राहतात. त्यांना दहा सेकंदांत कळतं.

आता काय करायचं ते सांगते. कर्जाचा कागद फाडा. नवं मशीनही त्याच हातांत येणार आहे, तेही दमेल. येत्या मंगळवारी दुकान बंद ठेवा, तसंही कोणी येत नाही. 'मिडिव्हल मॅडनेस'साठी दोन्ही फ्लिपरचा रिबिल्ड किट आधीच मागवून ठेवा. त्यात प्लंजर आणि लिंक, स्लीव्ह, स्टॉप, बुशिंग, स्प्रिंग आणि एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच आहेत ना, ते बघून घ्या. बायको महिन्याला जेवढे डॉलर परत देते, साधारण तेवढ्यातच येतो.

मशीनची वायर भिंतीतून उपसून काढा. नुसतं बटण बंद करून भागवू नका, फ्लिपरच्या कॉइलला 50 व्होल्टच्या वरचा दाब असतो. काच काढा, सगळे बॉल बाहेर घ्या आणि मगच प्लेफील्ड, म्हणजे बॉल धावतो ती फळी, उचला, नाहीतर ते गडगडत जाऊन काहीतरी फोडतील. स्टॉपचे स्क्रू काढले की कॉइल तारांसकट बाजूला सरकते, डाख काढावा लागत नाही. जुनी स्लीव्ह ओढून निघत नसेल तर कॉइल आतून वितळली आहे, तीही बदला, पण लेबलवरच्या त्याच नंबरची. जास्त ताकदीची कॉइल टाकायचा मोह होतो, त्याने रॅम्पचं प्लास्टिक तडकू शकतं. नवीन प्लंजरला किंवा स्लीव्हला तेल, ग्रीस, काही म्हणजे काही लावू नका. त्यात धूळ बसून खळ होते आणि फ्लिपर पहिल्याहून जास्त चिकटतो. फ्लिपरचा दांडा धरणारी क्रँक आवळताना फ्लिपरला वर-खाली जेमतेम 1 मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर तो बुशिंगला घासत राहील. तुमच्या मशीनचा एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच फ्लिपर पूर्ण वर गेल्यावर जोडला जातो, त्याला कानस लावू नका. व्हिजिटिंग कार्ड मधून दोनदा ओढलं की साफ होतो. जुन्या मशीन्समध्ये उलटं असतं. तिथे तो शेवटी उघडतो, त्यातून जड करंट वाहतो आणि उघडला नाही तर कॉइल जळते. तिथला संपर्क कानसेने घासलेला चालतो.

हात लागलाच आहे तर बॉलही बदला. दोन-तीन डॉलरचा, 27 मिलिमीटरचा, 80 ग्रॅमचा पोलादी गोळा. खरवडलेला बॉल सॅंडपेपरसारखा प्लेफील्ड झिजवतो. उतार 6.5 अंश आहे का ते फोनवर मोजा. फ्लिपर कमजोर म्हणून कोणी मागचे पाय खाली केले असतील तर बॉल लोळत येतो, खेळात जीवच राहत नाही.

आणि ते 'टिंब कसलं?' हा प्रश्न विचारणाऱ्याला तुमच्या दोघांपेक्षा जास्त कळतं. 'मिडिव्हल'च्या काळातल्या विल्यम्स आणि बॅलीच्या मशीन्सवर क्रेडिटच्या, म्हणजे शिल्लक खेळांच्या, आकड्यानंतर एक टिंब दिसलं, तर मशीन सांगत असतं की माझ्यात काहीतरी बिघडलंय. बरेच बॉल खेळून झाले तरी एखादा स्विच एकदाही लागला नाही, तर ते त्याला दोषी धरतं. नाण्याच्या दाराआतलं बटण दाबा, त्या स्विचचं नाव पडद्यावर येईल. बहुतेक वेळा स्विचची पत्री वाकलेली असते किंवा एक तार सुटलेली असते. जाणता खेळाडू डॉलर टाकण्याआधी ते टिंबच बघतो आणि दिसलं तर पुढच्या मशीनकडे वळतो. पुढच्याही मशीनवर असलं तर दाराकडे.

जाहिराती आजपासून थांबवा. खेळणारी माणसं 'पिनबॉल मॅप' ही वेबसाइट उघडतात. कुठल्या दुकानात कुठलं मशीन आहे आणि ते कसं चालतंय, हे खेळाडू तिथे स्वतः लिहितात. तुमच्या दुकानाखाली काय लिहिलंय ते आज रात्री वाचा, आणि बायकोला शेजारी बसवून वाचा. तिच्या वहीतल्याच ओळी तिथे इंग्रजीत सापडल्या तर मला नवल वाटणार नाही. लीग, स्पर्धा हे सगळं नंतर. दमलेल्या मशीनवर स्पर्धा घेतलीत तर एका संध्याकाळी तीस जणांना दोष दिसेल.

तिला कसं समजावू, असं विचारलंत. तिला काहीच समजावायचं नाहीये. तिची वही घेऊन बसा आणि एकेका मशीनच्या नावापुढे किती नोंदी आहेत ते मोजा. ज्याच्या जास्त, ते पुढच्या मंगळवारी उघडायचं. डॉलर परत देणं चालू राहू द्या, उलट प्रत्येकाला विचारायला सांगा, नेमकं काय झालं. त्यांचे फोन नंबरही लिहून घ्या. दुरुस्ती झाली की तिनेच फोन करायचा, 'तुम्ही सांगितलेला उजवा फ्लिपर नवा बसवलाय, रविवारी सातला या, पहिला खेळ आमच्याकडून.' सातलाच बोलवा, दुपारभर मशीन चालून तापलेलं असेल तेव्हा.

आणि त्याआधी, मंगळवारी रात्री काच बसवली की पहिला बॉल तिला खेळू द्या. दोन तास सलग खेळवा. तरीही बॉल रॅम्पवरून पार गेला, तर वही उघडून त्या ओळीसमोर तारीख टाका, 'नवा बसवला' असं तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली सही करा.