उत्तर: मिशनरी पायलटचा आठवडा नेमका कसा जातो?

ताई, तुमची भाची बारामतीला सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन्स) करते आहे, तिला मिशनरी पायलट व्हायचंय, आणि घरात वाद चाललाय की हे काम विमानाचं की धर्मप्रचाराचं. मी सहा वर्षं पापुआ न्यू गिनी देशाच्या डोंगराळ भागात, माउंट हेगनला, एका मिशन संस्थेची सेसना कॅराव्हॅन (एका इंजिनाचं छोटं विमान) उडवली. आता वानवडीत निवांत आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी वाद मिटवतो. प्रवचन करणारे पाळक वेगळे, आम्ही टेम्पोवाले. तांदूळ, मीठ, छपराचे पत्रे, लसी, शाळेची पुस्तकं, बायबलं, शिक्षक, आणि परतताना कॉफीची पोती. कोंबड्याही. राजधानी पोर्ट मोर्सबीपासून त्या डोंगराळ भागात जाणारा रस्ताच नाही, आणि आतल्या कित्येक गावांना फक्त पायवाट. तिथल्या टोक पिसिन भाषेत विमानाला ‘बालुस’ म्हणतात. पारव्यालाही तोच शब्द.

मुलींना घेतात का, असं तुमच्या जाऊबाईंनी विचारलंय. या क्षेत्रातली एक जुनी संस्था, मिशन एव्हिएशन फेलोशिप, १९४५ ची. तिचं पहिलं उड्डाण १९४६ मध्ये मेक्सिकोकडे झालं आणि पायलट होती बेटी ग्रीन. पुढचं बोलायला नको.

आता आठवडा, माझ्या आठवणीतला एक. माउंट हेगनचा विमानतळच जवळपास कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे. हवा मुळात विरळ, त्यात ऊन चढलं की आणखी पातळ होते. चोवीस अंशाला विमान साडेसात हजार फुटांच्याही वर असल्यासारखं वागतं. इंजिन, पंखा, पंख, तिन्ही सुस्तावतात. म्हणून आमचा दिवस कॉकपिटमध्ये नाही, वजनकाट्यावर सुरू व्हायचा. माणूस त्याच्या पिशवीसकट काट्यावर. पाहुणे लाजायचे, गावकरी हसायचे. दोनशे लिटर जादा इंधन म्हणजे एकशे साठ किलो, म्हणजे दोन माणसं खाली. कुणाला उतरवायचं हे रोज आपणच ठरवायचं, आणि त्याच्या तोंडावर सांगायचं.

सोमवार-मंगळवार असेच गेले. दिवसाला सहा-सात उड्डाणं, बहुतेक पंधरा-वीस मिनिटांची. स्ट्रिप, म्हणजे गावची छोटी धावपट्टी, हा नुसता गवताचा उतार. एक आठवते, लांबी साडेचारशे मीटर आणि चढ दहा टक्के. वरचं टोक खालच्यापेक्षा पंधरा मजले उंच. चढाकडे तोंड करून उतरायचं, उताराने उडायचं, वारा कुठूनही असो. समोर डोंगर, त्यामुळे एका ठरावीक बिंदूनंतर पुन्हा वर उचलून घेण्याची सोय नाही. दोनशे तासांच्या लायसन्सवर तिथे कुणी एकट्याला सोडत नाही. अनुभवी पायलट शेजारी बसून एकेका स्ट्रिपची परवानगी देतो. भारतीय लायसन्सही तसंच चालत नाही, त्या देशाचे सोपस्कार वेगळे. तिला हे आत्ताच सांगा.

बुधवारी दुपारी दोनला आतल्या आरोग्य केंद्रातून रेडिओवर निरोप आला: बाळंतीण, आदल्या रात्रीपासून अडलेली, बाळ आडवं. तिकडे सकाळ स्वच्छ असते, दुपारी ढग दऱ्या भरत जातात. सीट काढून स्ट्रेचर बसवलं आणि निघालो. स्ट्रिप सहा मिनिटांवर होती. ज्या खिंडीतून जायचं ती अर्धी बुजलेली. अर्धी दिसत होती, हेच वाईट. रेडिओवर नर्स विचारत होती, ‘बालुस कुठे आहे?’ मी माघारी फिरलो.

रात्री आठला आईचा फोन आला. रोज यायचा, पुण्यात तेव्हा साडेतीन. मी तिला पाऊस पडतोय एवढंच सांगितलं.

गुरुवारी उजाडताच उडालो. आई वाचली, बाळ गेलं. साडेआठला विमान धुतलं, सीट परत बसवल्या, नऊला कॉफी भरली. कारण बुधवारची तीन उड्डाणं राहिली होती आणि एक शिक्षक चार दिवस स्ट्रिपवर पथारी टाकून बसला होता. तो मला पाहताच भांडला. मी ऐकून घेतलं, मग त्याला सामानासकट काट्यावर उभं केलं. अकरा किलो जास्त. तांदळाची एक गोण तिथेच राहिली.

शुक्रवार चिखलात रुतलेली चाकं काढण्यात गेला. शनिवारी अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची ख्रिस्ती गावं शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा पवित्र दिवस, पाळतात, माल उतरवायला माणूस नाही, म्हणून लॉगबुकं, इंधनाचे हिशेब, आणि वर्गणीदार मंडळ्यांना (चर्चना) पत्रं. हो, पगाराचंही असंच. बहुतेक संस्थांत आपला खर्च आपणच मंडळ्यांकडून उभा करायचा असतो. माझ्यासाठी पुण्यातल्या दोन चर्चनी महिन्याचे पैसे दिले. लाज वाटायची, नंतर सवय झाली.

त्या पत्रात बुधवारबद्दल काय लिहावं, हे मला जमलं नाही. ‘हवामान खराब होतं’ एवढंच लिहिलं.

भाचीला विमान उतरवता येईलच, ते शिकवतात. मी तिला विचारेन की ती आजवर कधी अर्ध्यातून परत फिरली आहे का, आणि त्या रात्री झोप लागली का. रविवारी उपासनेनंतर मी घरीच असतो. व्यक्तिगत निरोप करा, पत्ता देतो. तिला म्हणावं, लॉगबुक घेऊन ये.