सायकल-सवाल: मागचा शॉकअप हवाच का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी कोथरूडला राहतो, वय ४१, वजन ८४ किलो. आठवड्यातून दोन-तीनदा सायकलने बाणेरला ऑफिसला जातो, शनिवार-रविवार वेताळ टेकडी, कधी भूगाव साइडला, ग्रुप जमला तर पानशेतकडे. जुनी सायकल विकली, आता बजेट ९० हजार, फारच आवडली तर एक लाख. ग्रुपमधले म्हणतात घेतोयस तर फुल सस्पेन्शनच (पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप) घे, नाहीतर पस्तावशील. माझी कंबरही अधूनमधून धरते म्हणून मलाही तेच वाटायला लागलंय, पण दुकानदार म्हणतो हार्डटेल (फक्त पुढे शॉकअप) घ्या. कुणाचं ऐकू?

उत्तर: दुकानदाराचं ऐका. (हे वाक्य मी या सदरात फार वेळा लिहीत नाही.)

आधी पैशाचं बोलू, कारण ९० हजारात खरा प्रश्न तोच आहे. फुल सस्पेन्शन म्हणजे नुसता मागे एक शॉकअप लावला असं नसतं, फ्रेमला सांधे येतात, प्रत्येक सांध्यात बेअरिंग, लिंकेज, आणि शॉक स्वतः, ह्या सगळ्याचे पैसे कुठूनतरी निघायलाच लागतात आणि ते निघतात पुढच्या फोर्कमधून (म्हणजे पुढचा शॉकअप), ब्रेकमधून आणि चाकांमधून. त्याच पैशात हार्डटेल घेतली तर हवेवर चालणारा फोर्क मिळतो (रॉकशॉक्स ज्युडी, सनटूर रेडॉन ह्या पट्ट्यातला), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक मिळतात, पुढे एकच चकती असलेला गिअरसेट मिळतो, आणि वर किलो-दोन किलो वजन कमी. माझ्या मते नवी आणि मनापासून वापरावी अशी फुल सस्पेन्शन आपल्याकडे दीड-दोन लाखांच्या पुढेच सुरू होते. लाखात जी मिळेल तिचा मागचा शॉक चढावर प्रत्येक पॅडलला डुलत राहणार आणि उतारावर जिथे त्याची गरज तिथे नीट काम करणार नाही.

आता रस्ता बघा. वेताळ टेकडीवर बहुतेक मुरूम, त्यावर सुटी खडी, मधेमधे उघडा कातळ, आणि टेकडी सोडली तर तुमचं सगळं डांबर. मागच्या सस्पेन्शनचं खरं काम काय, तर दगडगोट्यांवरून वेगात उतरताना मागचं चाक जमिनीला चिकटून ठेवायचं, म्हणजे पकडही राहते आणि ब्रेकही लागतो. चाक हवेत असेल तर ब्रेक कितीही दाबा, उपयोग शून्य. पण असं सलग उतरणं तुमच्या आठवड्यात किती वेळ आहे ते तुम्हीच मोजा. बाणेरच्या सिग्नलला ते लागत नाही. रेसवाल्यांमध्येसुद्धा हा वाद बरीच वर्षं चालला, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकच्या रेसला यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर जिंकला आणि निनो शुर्टर हार्डटेलवर अवघ्या एका सेकंदाने दुसरा आला. त्यानंतर रेसचे ट्रॅक जास्त दगडी होत गेले आणि शुर्टरनेच २०१६ ला रिओचं सोनं फुल सस्पेन्शनवर घेतलं. ट्रॅक बदलला म्हणून सायकल बदलली, तुमचा ट्रॅक बदललेला नाही.

कंबरेचं. वारंवार धरत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, सायकल नंतर. पण शॉकअपच्या आधी टायरची हवा तपासा. आपल्याकडे दुकानातला पोरगा टायर अंगठ्याने दाबतो, 'कडक भरलीय' म्हणतो आणि आत ५०-५५ पीएसआय असतं, मग प्रत्येक खडा थेट मणक्यात. २.२५ इंची टायर, ट्यूब असलेली, तुमच्या वजनाला पुढे २६-२८ आणि मागे ३०-३२ पासून सुरुवात करून बघा, डांबरावर जायच्या दिवशी थोडी वाढवा. ट्यूबलेस केलंत तर अजून दोन-तीन कमी चालतं. आणि खडबडीत आलं की सीटवरून उठा, गुडघे सैल, तुमचे दोन पाय हाच मागचा शॉकअप.

सायकल घरी आली की सॅग (नुसत्या तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो ते) लावून घ्या, नाहीतर एअर फोर्क घेऊन काही फायदा नाही. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी रिंग असते. लॉकआऊट (फोर्क कडक करायचा खटका) उघडा ठेवा, बॅग-पाणी सगळं घेऊन भिंतीला कोपर टेकवून सायकलवर उभे राहा, कुणालातरी ती रिंग खाली सरकवून नळी जिथे आत जाते तिथल्या रबरी सीलला लावायला सांगा, आणि ब्रेक न दाबता हळूच उतरा. १२० मिमी दबणाऱ्या फोर्कला रिंग सीलपासून साधारण २०-२५ मिमीवर दिसायला हवी. कमी असेल तर हवा सोडा, जास्त असेल तर भरा, पण शॉक पंपाने, चाकाच्या पंपाने नाही.

फ्रेम घेताना एवढंच बघा की फोर्क बसतो ती पुढची नळी टेपर्ड (खाली रुंद होत जाणारी) आहे आणि चाकाला थ्रू-ॲक्सल (आरपार जाणारा जाड आस) आहे, म्हणजे नंतर कधी चांगला फोर्क टाकता येतो. ग्रुपला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

प्रश्न: मुलगा नववीत आहे, त्याला ऑनलाइन बघितलेली डबल शॉकअपवाली सायकल हवीय, १४ हजाराला आहे. शाळा आणि गावातच फिरणार. घेऊन द्यावी का? – सातारा

उत्तर: नको. त्या किमतीत मागे जे लावलेलं असतं ती नुसती स्प्रिंग, तिला आवरणारं तेलाचं डॅम्पिंग आत नसतंच, त्यामुळे दाबली की उसळते आणि पोरगं यवतेश्वरच्या घाटाला लागलं तर अर्धी ताकद त्या स्प्रिंगला झुलवण्यात जाणार. वजन वेगळंच. वर्षभरात सांधे कुरकुरायला लागतात आणि गावातला मेकॅनिक ग्रीस मारून हात वर करतो. त्याच पैशात साधी, हलकी, मागे-पुढे चांगले ब्रेक असलेली घ्या, पुढचा फोर्कही साधा असला तरी चालेल. पोरगं रुसेल हे मान्य. हेल्मेट आणि चांगला लाइट त्याच्या पसंतीने घेऊन द्या, रुसवा अर्धा तरी जाईल.

प्रश्न: मी कामानिमित्त नॉर्थ व्हँकूव्हरला आलेय, पुण्यात हार्डटेल चालवायचे. इथे सगळ्यांकडे फुल सस्पेन्शन दिसतात. दिखावा आहे की गरज?

उत्तर: गरज आहे ताई. नॉर्थ शोअरच्या वाटा म्हणजे ओली मुळं, दगड, उभे उतार, लाकडी पूल, आणि वर्षातले कितीतरी महिने पाऊस. १४०-१५० मिमी दबणाऱ्या सस्पेन्शनची ट्रेल बाइक तिथे चैन नाही. पण लगेच विकत घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतात, दोन वेगवेगळ्या चालवून बघा आणि मग ठरवा. ड्रॉपर पोस्ट (चालवताना बटणाने खाली-वर होणारी सीटची दांडी) मात्र हवीच, उतारावर सीट खाली गेली की भीती निम्मी होते.

प्रश्न: ओळखीतला एक जण चार वर्षं जुनी ब्रँडेड फुल सस्पेन्शन ८० हजारांना देतोय. अंजनेरीच्या बाजूला दगडी वाटांवर नियमित जातो, उतारच जास्त आवडतात. घ्यावी का? – नाशिक

उत्तर: तुमच्या केसमध्ये घेण्यासारखी आहे, पण बघून. एका हाताने सीट धरून सायकल एक-दोन सेंटिमीटर वर-खाली करा, मागचं चाक टेकायच्या आधी 'टक' असा हलका खटका जाणवला तर बेअरिंग किंवा शॉकचे बुश गेलेत. मग मागचं चाक धरून आडवं हलवा. शॉकच्या दांड्यावर बोट फिरवा, नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सील टिकणार नाही, तेलाचा पट्टा दिसला तरी तेच. सर्व्हिस कधी केली विचारा, रॉकशॉक्स कंपनी शॉकच्या एअर कॅनची (हवा भरलेल्या डब्याची) सर्व्हिस ५० तासांनी करायला सांगतं आणि आपल्याकडे चार वर्षांत एकदाही न उघडलेले शॉक सर्रास सापडतात. वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुतलेली असेल तर सांध्यातलं ग्रीस गेलेलंच समजा. ह्यातलं काही निघालं तर बेअरिंग किट, सील किट आणि मजुरीचा अंदाज एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून आधी घ्या आणि तेवढी रक्कम ८० हजारांतून सरळ कापायला सांगा. आणि त्या शॉकचं सील किट भारतात मिळतं का, हा फोन पैसे द्यायच्या आधी करा.